गेटऑलकीज: काही महिने वापरल्यानंतर थोडं कौतुक, बरीच कुरकुर

दहा दिवसांचं बिल काढायच्या दिवशीच दूध संस्थेतल्या फोनवर अ‍ॅप उघडेना, म्हणून हे लिहायला घेतलं. वरची पट्टी क्षणभर दिसायची, मग पान कोरं, आणि थोड्या वेळाने ब्राउझर आपणहून ते पुन्हा लोड करायचा. पुन्हा तेच. बाहेर उत्पादक बिलासाठी उभे आणि आत सचिव फोनवर मला विचारतायत, "आता वहीवरनं काढू का?"

इंडेक्स्डडीबी म्हणजे काय, स्टोअर, इंडेक्स आणि ट्रान्झॅक्शन म्हणजे काय, हे इथे खोलात सांगत बसत नाही; नवख्यांसाठी एवढंच: इंडेक्स्डडीबी म्हणजे ब्राउझरातला डेटाबेस, स्टोअर म्हणजे नोंदींचा कप्पा, की म्हणजे नोंद ओळखायची खूण, इंडेक्स म्हणजे नोंदीतल्या एखाद्या खात्यावरून (फील्डवरून) लावलेली सूची, आणि ट्रान्झॅक्शन म्हणजे एकत्र पार पडणाऱ्या कामांचा गठ्ठा. ज्यांनी ते वापरलंय त्यांनाच यात रस असेल. माझा विषय एवढाच: ब्राउझरातल्या या डेटाबेसमधून अख्ख्या नोंदी न उचलता नुसत्या त्यांच्या कीज काढणं. ऐकायला किरकोळ वाटतं. गेले काही महिने माझं निम्मं काम यावर चाललंय आणि निम्मी चिडचिडही.

अ‍ॅप मी पहिल्यापासून लिहिलेलं नाही, चालू अवस्थेत हातात आलं. होम स्क्रीनवर लावलेलं एक वेबपान आहे, बाकी काही नाही. सभासद क्रमांक, तारीख, पाळी, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर, आणि मशीनच्या आकड्याचा फोटो. फोटो अशासाठी की फॅटवरून भांडण झालं तर दाखवायला काहीतरी हवं. हा फोटो बेस ६४ पद्धतीने मजकुरात बदलून त्याच नोंदीत कोंबलेला. केंद्रावर रेंज येते-जाते, त्यामुळे सगळं आधी फोनमध्ये साठतं आणि जमेल तेव्हा सर्व्हरवर जातं. पैसे भरून मिळणारी तयार सिंक सेवा घ्यावी का, हा विचार झाला होता. महिन्याचा आकडा ऐकून चेअरमन म्हणाले, तेवढ्यात पेंडीचं पोतं येतं. मला त्यांचं म्हणणं पटलं. जे काम फुकट मिळालेला डेटाबेस करतो, त्यासाठी दरमहा पैसे का मोजायचे?

पान कोरं पडण्याचं कारण शोधायला फार वेळ लागला नाही. उघडल्या उघडल्या अ‍ॅप 'पाठवायच्या बाकी नोंदी' असा आकडा दाखवतं. तो काढण्यासाठी गेटऑल मारून सगळ्या नोंदी, फोटोंच्या मजकुरासकट, मेमरीत ओढल्या जात होत्या आणि मग त्यातून न पाठवलेल्या वेचल्या जात होत्या. सुरुवातीला नोंदी कमी, तेव्हा चाललं. पुढे तीन जीबी रॅमच्या फोनने हात टेकले.

तिथे गेटऑलकीज लावलं आणि फरक इतका पडला की आधी मला वाटलं काहीतरी वगळलं जातंय. हे फंक्शन कीजची यादी देतं आणि व्हॅल्यू, म्हणजे अख्खी नोंद, जावास्क्रिप्टच्या बाजूला आणतच नाही. गेटऑलमध्ये प्रत्येक नोंद साठवणीतून काढून, तिचा ऑब्जेक्ट पुन्हा जुळवून हातात द्यावी लागते, आणि भार असतो तो तिथेच. दोन गोष्टी सांगता येतात: कुठल्या पट्ट्यातल्या कीज हव्यात आणि जास्तीत जास्त किती. किती हे शून्य दिलं तर 'काही देऊ नको' असा अर्थ होत नाही, 'सगळ्या दे' असा होतो. हे आधी माहीत असलेलं बरं.

ही सोय पहिल्यापासून नव्हती. इंडेक्स्डडीबीची पहिली आवृत्ती जानेवारी २०१५ मध्ये वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत शिफारस झाली. तिच्यात नुसत्या कीज हव्या असतील तर इंडेक्सवर की-कर्सर, म्हणजे कीजवरून सरकणारा दर्शक, उघडून एकेक पाऊल टाकत जायचं. गेटऑल, गेटऑलकीज आणि स्टोअरवरचं गेटकी (एकच की देणारं) ही मंडळी दुसऱ्या आवृत्तीत आली, जानेवारी २०१८ मध्ये. आज कुठल्याही चालू ब्राउझरमध्ये ती आहेत, त्याबद्दल तक्रार नाही.

आता तक्रारीकडे येतो.

सभासदांचं वेगळं स्टोअर आहे. की म्हणजे सभासद क्रमांक, आत नाव, बँक खातं, पासबुकाचा फोटो. नावावर इंडेक्स. मला हवी होती नावांची यादी, कारण सचिव दोन अक्षरं टाइप करतात आणि खाली नावं दिसावी लागतात. पासबुकाचे फोटो नकोत, फक्त नावं. इंडेक्स नावाचा, म्हणजे त्याच्या कीज नावंच. म्हणून इंडेक्सवर गेटऑलकीज मारलं. आले सभासद क्रमांक. नावांच्या क्रमाने लावलेले क्रमांक! म्हणजे इंडेक्सने नावं वाचली, त्यानुसार रांग लावली, आणि देताना नावं स्वतःजवळ ठेवून मला क्रमांकांची चिठ्ठी दिली.

हे बग नाही, नियमच तसा आहे. इंडेक्सवरचं गेटकी पहिल्या आवृत्तीपासून प्रायमरी की, म्हणजे नोंदीची मूळ कीच देतं आणि गेटऑलकीज त्याच वळणावर गेलं. पण मग नाव तरी गेटऑलप्रायमरीकीज ठेवायचं. कर्सरवर की आणि प्रायमरीकी अशी दोन वेगळी खाती आहेत, तिथे की म्हणजे इंडेक्सची की. म्हणजे एकाच घरात 'की' या शब्दाचे दोन अर्थ, आणि कुठल्या खोलीत उभे आहात त्यावर तो ठरणार. या एका गोष्टीवर मी जितकी बडबड केली तितकी खरं तर तिची लायकी नाही, पण करणार.

मार्ग एकच: इंडेक्सवर की-कर्सर. त्यात नाव आणि क्रमांक दोन्ही मिळतात आणि मूळ नोंद उघडावी लागत नाही. एकसारखी नावं एकदाच हवी असतील तर दिशा म्हणून 'नेक्स्टयुनिक' द्यायची. चालतं, पण एकेक. दोनशे सभासद तर दोनशे वेळा 'पुढे चल' म्हणायचं आणि दोनशे वेळा उत्तराची वाट बघायची. डेक्सीसारखी लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) घेतली तर तिथे कीज, प्रायमरीकीज आणि युनिककीज अशी नीट वेगवेगळी नावं आहेत, गोंधळ होत नाही. पण एका यादीसाठी लायब्ररी आणायची माझी तयारी नव्हती. ज्या फोनला रेंज मिळायची मारामार, त्यावर आणखी एक फाइल उतरवायची, हे मनाला पटेना.

त्यात नावांचा क्रमही आपला नाही. इंडेक्स्डडीबी मजकुराच्या कीज युनिकोडच्या अंकांनुसार लावतं, भाषा बघत नाही. युनिकोडमध्ये ळ हा व च्या आधी बसलाय, त्यामुळे काळे आधी आणि कावळे नंतर. आपल्या वर्णमालेत ळ कुठे येतो हे सचिवांना शाळेपासून पाठ आहे. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "यादी अशी का?" शेवटी नावं काढून जावास्क्रिप्टमध्ये वेगळी लावली.

तोच प्रकार पाळीचा. मूळ अ‍ॅपमध्ये नोंदीची की तीन गोष्टींची मिळून होती: तारीख, पाळी आणि सभासद क्रमांक. पाळी म्हणून 'सकाळ' आणि 'संध्याकाळ' असे शब्दच ठेवलेले. कीजची यादी काढली तर रोज संध्याकाळ आधी आणि सकाळ नंतर. कारण स नंतरचा अनुस्वार युनिकोडमध्ये क च्या कितीतरी आधी येतो. गेटऑल करून, गाळून, बिलात वेगळं लावून दाखवत होते तोवर हे कुणाच्या नजरेला आलं नाही. कीजवर सरळ काम सुरू केल्यावर दिसलं. आता पाळी १ आणि २.

स्टोअरचा की-पाथ (की नोंदीतल्या कुठल्या खात्यांतून घ्यायची ते) नंतर बदलता येत नाही, त्यामुळे डेटाबेसची आवृत्ती वाढवून नवं स्टोअर केलं आणि जुन्या नोंदी कर्सरने तिकडे हलवल्या. फोटोही त्याच वेळी वेगळ्या स्टोअरमध्ये काढले. हे करण्याआधी सवयीने जुन्या स्टोअरच्या सगळ्या कीज एकदा कन्सोलवर ओतून बघितल्या, आणि एक भलतंच प्रकरण हाती लागलं. काही ठिकाणी एकाच तारखेला, एकाच पाळीला, एकाच सभासदाच्या दोन नोंदी. एकीत क्रमांक ४२, दुसरीत अवतरणचिन्हांतला "४२". पहिला आकडा, दुसरा मजकूर. इंडेक्स्डडीबीच्या लेखी या दोन वेगळ्या कीज. त्याचा क्रम ठरलेला आहे: आधी आकडे, मग तारखा, मग मजकूर, मग बायनरी, शेवटी किमतींची यादी म्हणजे अ‍ॅरे. आकडा ४२ आणि मजकूर ४२ एकमेकांना कधी भेटतच नाहीत.

झालं असं होतं. दूध घेताना क्रमांक खोक्यात टाइप करतात, खोक्यातून येतो तो मजकूर. फॅट दुरुस्त करताना सभासद यादीतून निवडतात, तिथून येतो तो आकडा. म्हणजे दुरुस्ती जुन्या नोंदीवर न बसता शेजारी नवी नोंद होऊन बसायची आणि बिलात दोन्ही धरल्या जायच्या. हे शोधायला कीजच पुरल्या: तिसरा घटक आकडा आहे की मजकूर एवढंच बघायचं. सचिवांनी वहीशी ताळा करून जादा गेलेली रक्कम पुढच्या बिलात कापली. त्यावरून दोघा-तिघांनी संस्थेत येऊन चांगलाच आवाज चढवला. फोटो होते म्हणून निभावलं.

इथून माझं मत थोडं बदलायला लागलं. वर इंडेक्सवाल्या गेटऑलकीजला इतकं बोललो, त्याच्याच जोरावर पुढचं सगळं उभं राहिलं.

बाकी नोंदींचा प्रश्न घ्या. मूळ अ‍ॅपमध्ये 'पाठवलं' या खात्यावर इंडेक्स होता, किंमत ट्रू किंवा फॉल्स. आणि तो इंडेक्स कायम रिकामा! बूलियन, म्हणजे ट्रू-फॉल्स, ही इंडेक्स्डडीबीत वैध की नाही. नोंद साठते, एरर येत नाही, कन्सोलवर अक्षर उमटत नाही, फक्त इंडेक्समध्ये तिची नोंद होत नाही. नल आणि अनडिफाइंड या रिकाम्या किमतींचंही तेच. आधी हा कोड लिहिणाऱ्या मुलाने इंडेक्स केला असणार, रिकामा बघून कंटाळला असणार आणि गेटऑल करून गाळायचा रस्ता धरला असणार. त्याला दोष द्यायचा नाही. एक ओळीचा इशारा कन्सोलवर आला असता तर पुढचं रामायण घडलं नसतं.

पण या मुक्याने वगळण्याचाच उपयोग करून घेता येतो. आता नोंद तयार होताना तिच्यात 'बाकी' नावाचं खातं १ ठेवतो. सर्व्हरने पोच दिली की ते खातं पुसून नोंद परत लिहितो. खातं नाही म्हणजे इंडेक्समध्ये जागा नाही. 'बाकी'वरचा इंडेक्स म्हणजे फक्त न गेलेल्या नोंदींची यादी, मूळ स्टोअर कितीही फुगलं तरी ही छोटीच. आणि या इंडेक्सवर गेटऑलकीज मारलं की काय मिळतं? प्रायमरी कीज. इथे मला इंडेक्सची की मिळाली असती तर १, १, १, १ अशी माळ आली असती. ती काय करायची?

वीसची मर्यादा घालून पहिल्या वीस कीज घ्यायच्या, त्या नोंदी वाचायच्या, पाठवायच्या, पोच आली की पुसायच्या. पुन्हा पहिल्या वीस मागायच्या, तर आपोआप पुढच्या वीस येतात. कुठवर आलो हे लक्षात ठेवायची गरज नाही. एकच खोड आहे: सर्व्हरने एखादी नोंद नाकारली तर ती रांगेच्या तोंडाशीच बसून राहते. अशा नोंदींना 'बाकी' २ करतो आणि मागताना फक्त १ मागतो. सचिवांना २ वाल्या वेगळ्या लाल पट्टीत दिसतात. पाठवणं चालू असताना कुणी फॅट दुरुस्त केला तर जुनी पोच नव्या आकड्याला लागू नये, म्हणून प्रत्येक नोंदीत दुरुस्तीचा क्रमांकही ठेवलाय.

वाचणं आणि पाठवणं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करायला जाऊ नका. मधे नेटवर्कची वाट बघितली की ट्रान्झॅक्शनकडे काम उरत नाही, ते आपलं आपण मिटतं, आणि परत येऊन लिहायला गेलात की 'ट्रान्झॅक्शन इनॅक्टिव्ह' अशी एरर. वाचायचं एक, लिहायचं दुसरं. यावर भरपूर लिहिलं गेलंय, मी पुढे जातो.

बिलाच्या वेळी तर इंडेक्स लागतच नाही. या दहा दिवसांत कुणीकुणी दूध घातलं हे हवं असेल तर तारखांचा पट्टा देऊन मुख्य स्टोअरच्याच कीज मागायच्या. सभासद क्रमांक कीमध्येच आहे, तिसरा घटक उचलला की झालं. पट्टा देताना खालची सीमा म्हणून फक्त पहिली तारीख असलेला अ‍ॅरे द्यायचा, आणि वरची सीमा म्हणून शेवटची तारीख आणि तिच्यानंतर एक रिकामा अ‍ॅरे. अ‍ॅरे हा क्रमात सगळ्यात शेवटचा, त्यामुळे त्या तारखेची कुठलीही पाळी आणि कुठलाही क्रमांक त्याच्या आतच पडतो. '९९९९९' असले काल्पनिक आकडे लिहायची गरज नाही. ही युक्ती कळली त्या दिवशी मी उगाचच दोन-चार पट्टे काढून बघितले.

आणि खरा फायदा व्हायचा होता तो पुढेच. फोन हळू चालतो म्हणून सचिवांनी तो तालुक्याच्या एका दुकानात दाखवला. दुकानदाराने कुणाला न विचारता ब्राउझरचा सगळा डेटा साफ करून दिला, वर साफसफाईचे पैसे घेतले. मी फोन केला तर म्हणतो, "फोटो-कॉन्टॅक्ट सगळं आहे की, मग गेलं काय?" त्याला ब्राउझरमध्ये हिशोब असतो हेच मान्य नव्हतं. स्टोरेज टिकाऊ करण्याची परवानगी मागून ठेवली होती, पण जागा कमी पडल्यावर ब्राउझरने आपणहून पुसू नये एवढ्यासाठीच ती असते. माणसाने हाताने पुसलं तर तिचा काही इलाज नाही.

वाचलो ते कीजमुळे. जरा रेंज मिळाली की अ‍ॅप आधी बाकी कीजची यादी सर्व्हरला पाठवतं आणि मग नोंदी. यादी म्हणजे तारीख, पाळी, क्रमांक, बस. कमकुवत रेंजमध्येही ती निघून जाते, नोंद आणि फोटो मागे अडकले तरी. त्यामुळे डेटा पुसला गेल्यावर सर्व्हरला माहीत होतं की अमुक तारखेच्या अमुक पाळीच्या अमुक सभासदांच्या नोंदी यायच्या होत्या आणि आल्या नाहीत. ती यादी सचिवांना पाठवली, त्यांनी वहीतून तेवढ्याच भरल्या. अख्खी वही चाळावी लागली नाही. दुकानदाराकडून मात्र पैसे परत मिळालेले नाहीत. मी मागणं सोडलेलं नाही.

दोन्ही बाजूंच्या याद्या ताडून बघताना एक गैरसोय होते. अ‍ॅरेच्या कीज जावास्क्रिप्टच्या सेटमध्ये टाकून उपयोग नाही, कारण आतून सारखे असलेले दोन अ‍ॅरे त्याला वेगळेच वाटतात. एकतर जोडून मजकूर करा, नाहीतर इंडेक्स्डडीबीचंच सीएमपी फंक्शन वापरा, जे दोन कीज घेऊन उणे एक, शून्य किंवा एक देतं. मी सीएमपी वापरतो, कारण याद्या लावलेल्याच येतात आणि दोन्हीकडून एकेक पाऊल टाकत गेलं की काम होतं.

फोटोंच्या स्टोअरवर अजून एक राग आहे. तिथे की नोंदीच्या आत नाही, बाहेरून दिलेली आहे. अशा स्टोअरवर गेटऑल केलं तर फोटो येतात, पण कुठला कुणाचा हे येत नाही. नावं नसलेल्या पाकिटांचा गठ्ठा. एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये गेटऑल आणि गेटऑलकीज दोन्ही मारायचं, पट्टा आणि मर्यादा दोन्हींना एकच द्यायची, क्रम सारखा येतो, मग जोड्या लावायच्या. चालतं. पण डेटाबेसने देतानाच बिनचूक जोडून दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

हे बहुतेक इतरांनाही खटकलं असावं, कारण क्रोमच्या १४१ व्या आवृत्तीत गेटऑलरेकॉर्ड्स आलं. त्यात की, प्रायमरी की आणि व्हॅल्यू तिन्ही एकत्र. गेटऑल आणि गेटऑलकीजना दिशाही देता येते, म्हणजे शेवटून मागता येतं. आधी शेवटची एक की हवी असली तरी उलट्या दिशेचा कर्सर उघडावा लागायचा. फोटोंच्या जोड्या लावण्याचा माझा सगळा खटाटोप याने जातो. नावांच्या यादीला मात्र पूर्ण उत्तर नाही. नाव आणि क्रमांक एकदम मिळतील, पण सोबत व्हॅल्यूही येणार, म्हणजे पासबुकाचे फोटो आलेच. नुसत्या इंडेक्सच्या कीज, एका फटक्यात, अजूनही नाहीत.

सध्या अ‍ॅपमध्ये दोन रस्ते ठेवलेत: ब्राउझरला गेटऑलरेकॉर्ड्स माहीत असेल तर ते, नाहीतर जुनी जोडी. संस्थेतल्या फोनवर अजून जुनीच जोडी चालते. नवीन फोनचा विषय मीटिंगमध्ये काढला होता, चेअरमननी विचारलं की आहे तो चालतोय ना. चालतोय म्हटल्यावर विषय पुढच्या मीटिंगवर गेला. पासबुकाचे फोटो मी या आठवड्यात वेगळ्या स्टोअरमध्ये काढणार आहे, म्हणजे नावांसाठी सरळ गेटऑल केलं तरी भार पडणार नाही आणि कर्सरही सुटेल.